कांबळे मॅडमविरुद्ध कांबळे मॅडम

घरमालक आणि भाडेकरू यांच्या भांडणात कांबळे मॅडमचा सल्ला हवा असेल, तर पायात चांगल्या चपला हव्यात. मॅडम बसून सल्ला देत नाहीत. आठवडाभर वांद्र्याच्या कोर्टात काळा कोट घालून त्या रीतसर वकिली करतात. रविवारी सकाळी मात्र मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीमागच्या मैदानाला फेऱ्या मारतात, आणि ज्यांचं भांडण असेल ते दोघं त्यांच्या दोन बाजूंनी चालतात. डावीकडे मालक, उजवीकडे भाडेकरू, मध्ये मॅडम. सुती साडी, साडीखाली कॅनव्हासचे बूट, खांद्याला लटकवलेली पाण्याची बाटली. याची फी नाही. दम मात्र स्वतःचा आणायचा.

"समोरासमोर बसवलं की माणसं एकमेकांची तोंडं बघतात," त्या म्हणतात. "तोंड बघितलं की मागचं सगळं आठवतं. चालताना पुढं बघावं लागतं, नाहीतर पाय कुत्र्यावर पडतो."

नियम थोडेच. चालताना ओरडायचं नाही. ओरडेल त्याला एक फेरी जादा. एकमेकांच्या खानदानावर जायचं नाही. तहान लागली तर बाटली एकच, आणि ती समोरच्या पार्टीच्या हातून घ्यायची. बोलणं भरकटलं की मॅडम मान न वळवता म्हणतात, "मुद्द्यावर या." मुद्दा म्हणजे काय, तेही ठरलेलं. मालकाला घर कधी हवंय, आणि भाडेकरू इथून उठून जाणार कुठे. बाकी सगळा मसाला.

गाला शेठची गोष्ट आमच्या मैदानावर अजून सांगतात. शेठनी आपल्या इस्त्रीवाल्या भाडेकरूचं पाणी बंद केलं होतं. निघत नाही ना, मग काढतो कसा बघ, असा हिशोब. मॅडमनी दोघांना बोलावलं ते ऐन मे महिन्यात. पहिल्या फेरीला शेठ जोरात होते. "मॅडम, घर माझा, नळ माझा, वॉल्व पण माझा!" दुसऱ्या फेरीला नुसतं "घर माझा" उरलं. पुढे तेही बंद झालं, फक्त श्वास ऐकू येत होता. शेवटी शेठनी बाटलीकडे बोट केलं. मॅडमनी ती खांद्यावरून काढून इस्त्रीवाल्याच्या हातात दिली आणि शेठना म्हणाल्या, "त्याच्याकडे मागा."

शेठ उभे राहिले. इस्त्रीवाला बिचारा कावराबावरा झाला आणि त्यानं न मागताच झाकण उघडून बाटली पुढे केली. शेठ प्यायले. मॅडम चालतच होत्या, मागे न बघता म्हणाल्या, "भाडेकरूचं पाणी तोडणं हा गुन्हा आहे शेठ. कायद्यात लिहिलंय. पण कायदा नंतर सांगते, आधी घोट गिळा." संध्याकाळी इस्त्रीवाल्याच्या नळाला पाणी आलं. तीन महिन्यांनी तो स्वतःहून दुसरीकडे गेला, आणि आज शेठचे कपडे त्याच्याकडेच असतात.

मॅडम भाडेकरूंच्या बाजूच्या, असा समज यावरून कुणी करून घेऊ नये. एक व्यायामशाळेत जाणारा दांडगा तरुण एका आजोबांचा फ्लॅट सोडत नव्हता. करार संपलेला, आजोबा मुलीच्या घरी सोफ्यावर झोपणारे. हा गडी दमणार कसा? फेऱ्या मारून त्याचं काय वाकडं होणार? मॅडमनी युक्ती उलटी केली. आजोबांच्या काठीच्या वेगानं चालायला लागल्या. एक फेरी काही केल्या संपेना. मध्येच आजोबा थांबत, चाफ्याखाली उभे राहून फुलं बघत. तरुणाची चुळबुळ सुरू झाली. "मॅडम, मला जायचंय हो, जिमला उशीर होतोय."

"जा की. तारीख सांग आणि जा."

"कसली तारीख?"

"घर सोडायची. आजोबांना अजून चार फेऱ्या मारायला आवडतील. हो ना आजोबा?"

आजोबा म्हणाले, "आज बरं वाटतंय."

दुसऱ्या फेरीत तारीख आली.

मला हे सगळं इतकं माहीत आहे कारण मी त्यांचा शेजारी. खरं म्हणजे शेजारी हा शब्द मी सोयीनं वापरतो. मी त्यांचा घरमालक. आमच्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरची एक खोली-किचन अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गिरणी सुटल्यावर घेतली आणि कांबळे मॅडमना भाड्यानं दिली. तेव्हा त्या साताऱ्याकडून नव्या आलेल्या, दिवसा एका वकिलाकडे टायपिंग आणि संध्याकाळी लॉ कॉलेज. अण्णा गेले, मॅडम राहिल्या. मी खाली पहिल्या मजल्यावर. इतक्या वर्षांत त्या आमच्या घरात आल्या असतील त्या अण्णा गेले तेव्हा, आणि तेही दारातच उभ्या राहून.

मी कमी बोलणारा माणूस आहे. लोक म्हणतात, परब शांत स्वभावाचे. माझी बायको मेधा म्हणते, "शांत कसले, घुमे आहात." तिचं बरोबर आहे. बोलायची वेळ आली की मी थांबतो, आणि थांबता थांबता वेळ निघून जाते. ते मला सभ्यपणाचं वाटायचं. तसं ते नाही, हे मला उशिरा कळलं, म्हणून लिहितोय.

गेल्या मे महिन्यात आमच्या ओंकारचं लग्न झालं. आमचं घर एक बेडरूमचं. बेडरूम नव्या जोडप्याला, हॉलमध्ये माझी आई, आणि मी नि मेधा स्वयंपाकघरात. माझे पाय फ्रिजला लागायचे. फ्रिज सुरू झाला की मी थरथरायचो. मेधानं काही दिवस सोसलं. मग एके दिवशी भाजी चिरता चिरता म्हणाली, "वरची खोली आपलीच आहे ना? की तीपण मॅडमना विचारून आपली म्हणायची?"

मी थांबलो.

"अहो, थांबू नका. जाऊन बोला."

बोलणार काय? जिनं अर्ध्या मुलुंडची घरं रिकामी करून दिली किंवा वाचवली, तिला मी घर रिकामं करा म्हणून सांगायचं? मी गुपचूप वांद्र्याला गेलो आणि एका वकिलांना गाठलं. त्यांनी कागद बघितले, भाडेकरूचं नाव वाचलं आणि फाइल बंद केली. "मुलुंडच्या कांबळे मॅडम? साहेब, माझं ऐका. या कामात त्यांच्याइतका चांगला वकील तुम्हाला मिळायचा नाही. तुम्ही त्यांनाच भेटा."

"पण त्याच तर भाडेकरू आहेत."

"मग तर लांब जायचं पण काम नाही."

असा मी एका रविवारी मैदानावर जाऊन उभा राहिलो. मॅडमनी माझ्या चपलांकडे बघितलं. "मालक की भाडेकरू?"

"मालक."

"डावीकडे या. दुसरी पार्टी कुठाय?"

मी त्यांच्याकडेच बघितलं. मॅडम दोन पावलं चालल्या आणि थांबल्या. कांबळे मॅडम चालताना थांबल्या, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मग पुन्हा चालू लागल्या. "ओंकारचं लग्न झालं, नाही का. बरोबर आहे. चला."

त्यानंतर जे झालं ते बघायला मैदानावरची माणसं जमायची बाकी होती. मॅडम माझ्या उजव्या बाजूला चालत असल्या की त्या माझ्या वकील. मग झपकन माझ्या पाठीमागून डाव्या बाजूला जायच्या आणि भाडेकरू व्हायच्या. मी आपला मध्ये.

उजवीकडून: "परब, करार आणलाय? बघू. अहो, शेवटचा करार नोंदवलेलाच नाही. अण्णांना मी सांगत होते, नोंदवा, नोंदवा. ते म्हणायचे, तुमच्याशी कसला करार. आता ऐका. करार नोंदवणं ही मालकाची जबाबदारी. नोंदवलेला नसला तर भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या खऱ्या धरतात, उलटं सिद्ध करायचं तुम्ही. म्हणजे ती बाई वाट्टेल ते सांगू शकते. मला जन्मभरासाठी दिलंय म्हणेल. केस वर्षानुवर्षं चालेल."

"मग हो?"

"मग काय. ती खरं सांगेल. त्याला इलाज नाही." आणि त्या डावीकडे गेल्या.

डावीकडून, जरा वेगळ्या आवाजात: "मालक, मी इथे तरुणपणी आले. माझं सगळं इथं आहे. मला दिवाळीपर्यंत वेळ द्या."

मी तोंड उघडणार इतक्यात त्या पुन्हा उजवीकडे. "जास्त मागतेय. पावसाळ्यात घर शोधणं अवघड, एवढं मान्य. पण दिवाळी नाही. गणपती झाले की चावी, असं म्हणा."

"मॅडम, दिवाळी चालेल मला…"

"तुमचे पाय फ्रिजला लागतात, मेधा वहिनी जिन्यात सांगत होत्या. म्हणा, गणपती."

"गणपती," मी म्हणालो.

त्या डावीकडे गेल्या. चाफ्यापासून गेटपर्यंत आम्ही नुसते चाललो. मग भाडेकरू म्हणाली, "ठीक आहे."

माझ्याशी कुणीतरी भांडलं असतं तर बरं वाटलं असतं. मला तहानही लागली होती, पण बाटली कुणाच्या हातून घ्यायची हे कळेना. घरी जाऊन मेधाला सांगितलं. ती खूश होईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "एवढ्या पटकन? आणि तुम्ही बरं म्हणालात?"

मग मॅडमचं घर शोधणं सुरू झालं, आणि मला एक गोष्ट कळली जी खरं तर आधीच माहीत असायला हवी होती. या शहरात वकिलाला कुणी घर भाड्यानं देत नाही. नाक्यावरच्या एजंटनं मला चहा पाजून समजावलं. "साहेब, पोलीस नको, वकील नको, एकटी बाई नको, हे मालक फोन उचलल्या उचलल्या सांगतात. मॅडम म्हणजे तिनातले दोन. वर आडनाव ऐकलं की काहीतरी निघतंच. सोसायटी व्हेज आहे. मालक गावाला गेलेत. कालच दिलं. मी किती ठिकाणी तोंड वेंगाडू?" तो स्वतः मॅडमचा जुना पक्षकार. मॅडमनी त्याचं दुकान वाचवलं होतं.

मॅडमकडून मात्र यातलं काही कळलं नाही. जिन्यात भेटल्या की मीच विचारायचो, "काही जमतंय का?" त्या म्हणायच्या, "बघतेय. तुमची तारीख हलणार नाही." जणू काळजी मला माझ्या तारखेची होती. आणि खरं सांगायचं तर होतीच.

जुलै संपता संपता नाहूरहून एका बाईंचा फोन आला. आवाज सभ्य होता. त्यांचा फ्लॅट होता, मॅडम बघून गेल्या होत्या, आणि सध्याचे मालक म्हणून मॅडमनी माझा नंबर दिला होता. "मला त्या आवडल्या हो," बाई म्हणाल्या. "फक्त वकील आहेत ना, म्हणून विचारते. सोडायची वेळ आली की कटकट करणार नाहीत ना?"

किती सोपा प्रश्न. जिनं माझ्याच बाजूनं, माझ्याच शेजारी चालत, स्वतःला घराबाहेर काढायचा रस्ता मला दाखवला, तिच्याबद्दल हा प्रश्न. मी नाही म्हणायला हवं होतं आणि वर आणखी दोन वाक्यं बोलायला हवी होती.

मी थांबलो. का थांबलो ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. मनात आलं, आपली चावी तरी अजून कुठे हातात आलीय? उद्या नाही दिली तर? मी हिला शब्द दिला आणि माझंच घर अडकलं तर? असं काहीतरी. मग मी म्हणालो, "तसं काही नाही… बघा आता. वकील आहेत."

"हो, तेच ना," बाई म्हणाल्या आणि आभार मानून फोन ठेवला.

पुढच्या रविवारी गेटजवळ मॅडम भेटल्या. "नाहूरचं जमलं नाही," म्हणाल्या. मी मान हलवली. त्यांनी बुटाची नाडी बांधायला पाय कट्ट्यावर ठेवला. "मालकाचंही चूक नाही. मी त्या बाईंची वकील असते तर हाच सल्ला दिला असता. वकिलाला घर देऊ नका." त्या स्वतःच हसल्या. मीही हसलो. ते हसू मला अजून तोंडावर चिकटल्यासारखं वाटतं.

गणपतीच्या चार-पाच दिवस आधी दुपारी दाराची बेल वाजली. मॅडम उभ्या. मेधानं "आत या ना" म्हटलं तरी त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या. हातात रुमाल होता, तो त्या घडी घालत आणि मोडत होत्या. मैदानावर मालकांना घाम फोडणारी बाई मी अशी कधी बघितली नव्हती.

"परब, घाटकोपरला एक घर आहे. मालक वयस्कर आहेत, स्वतः खालीच राहतात. वकील म्हटल्यावर पण नाही म्हणाले नाहीत. फक्त ओळखीची दोन माणसं विचारतायत, फोन करण्यासाठी. कोर्टातली नकोत म्हणाले, सगळे एकमेकांचं चांगलंच सांगतात. पक्षकार पण नकोत. घरची किंवा घरासारखी हवीत." त्यांनी रुमालाची घडी केली. "एक तुमचं नाव दिलंय. दिलं तर चालेल ना?"

"आणि दुसरं?" मेधानं विचारलं.

"दुसरं आठवतेय," मॅडम म्हणाल्या.

अर्धं मुलुंड ज्यांना हाक मारतं, त्या बाई आमच्या दारात उभ्या राहून दुसरं नाव आठवत होत्या. मेधा माझ्याकडे बघत होती. या वेळी माझं थांबणं मलाच सहन झालं नाही.

"मॅडम," मी म्हणालो, "नाहूरच्या बाईंचा फोन मला आला होता. त्या नाही म्हणाल्या ते माझ्यामुळे. मी नीट बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं."

मेधाचा हात तिच्या तोंडावर गेला. मॅडमनी रुमाल कमरेला खोचला.

"माहीत आहे. त्यांनी सांगितलं मला. 'तुमचे मालकच काही धड बोलेनात' म्हणाल्या."

"मग तरी तुम्ही पुन्हा माझाच नंबर दिलात?"

"मग कुणाचा देऊ?" त्या म्हणाल्या.

त्या भांडायला म्हणून बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच माझ्याकडून उत्तर हवं होतं, असा त्यांचा चेहरा होता. मेधाच पुढे झाली. "दुसरं माझं द्या. मेधा परब. नंबर लिहून घ्या. आणि चहा टाकलाय, तो घेतल्याशिवाय जाऊ देणार नाही." मॅडम आत आल्या. खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. चहा पिताना त्यांची नजर आमच्या स्वयंपाकघरातल्या गुंडाळलेल्या गादीवर गेली, आणि मग त्यांनी ती मुद्दाम दुसरीकडे वळवली.

घाटकोपरच्या मालकांचा फोन दुसऱ्याच दिवशी आला. मी तयारीत होतो. मी बोलायला सुरुवात केली ती थांबलोच नाही. नोंद न झालेला करार सांगितला, गणपतीची तारीख सांगितली, त्या माझ्या कोणत्या बाजूला कधी चालल्या तेही सांगितलं. गाला शेठची बाटलीसुद्धा सांगितली. मेधा स्वयंपाकघरातून येऊन बघून गेली, हा माणूस फोनवर कुणाशी एवढं बोलतोय म्हणून.

त्या वयस्कर मालकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते ठीक आहे हो. घर सोडतील की नाही याची मला चिंता नाही, माझं वय बघता आधी मीच सोडेन. मला वेगळं विचारायचं होतं. बाई एकट्या. उद्या आजारी पडल्या, काही झालं, तर मी कुणाला कळवायचं? त्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, मुद्द्यावर या."

"मला कळवा," मी म्हणालो.

"तुम्ही त्यांचे कोण?"

"घरमालक."

"म्हणजे त्यांना घराबाहेर काढताय ते तुम्हीच ना?"

"हो, मीच," मी म्हणालो. "तरी मलाच कळवा."